समोरचं ताट

आमच्या गावात नव्या सुनेला अजून माझी गोष्ट सांगतात. नवऱ्याला क्षय झाला होता, तरी बाईनं त्याच्या ताटात जेवायचं शेवटपर्यंत सोडलं नाही म्हणे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर त्या स्वतः सांगायच्या. आता ज्यांनी मला तेव्हा पाहिलंही नव्हतं अशा बायका सांगतात. शाळेला सुट्टी लागली की मी सांगलीहून गावी जाते, तेव्हा एखादी पोरगी वाकून पाया पडते. मी पाय मागे घेत नाही. असू दे, असू दे म्हणते आणि तिच्या डोक्यावर हात ठेवते.

ती गोष्ट खोटी आहे. मी ती उठवली नाही, पण मोडलीही नाही. बोलून मोडणं मला आता जमणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईनं नवऱ्याच्या मागून जेवायचं हे तर सगळीकडचंच. आमच्या घरात ती त्याच्याच पितळीत जेवायची. तो हात धुवून उठला की त्याच्या उष्ट्यातच आपली भाकरी कुस्करायची. लग्न होऊन आले तेव्हा मला ते आवडायचं, हेही लपवत नाही. आम्ही दिवसभरात एकमेकांशी चार शब्द बोलत नव्हतो. घरात म्हातारी, दारात गडी, बोलायचं कुठं? पण ते ताटात माझ्यासाठी काहीतरी ठेवायचे. मटणातली नळी, वांग्याची फोड, सणाला पोळीचा मधला भाग. रागावलेले असले की पितळी लख्ख असायची. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला ताटावरून कळायचं.

आमचं गाव वडूजच्या पलीकडे, पावसानं कायम पाठ फिरवलेलं. जमीन होती पण तिच्यात वर्षाची भाकरी पिकत नव्हती, म्हणून घरटी एक माणूस पलटणीत असायचा. आमचे मालक पलटणीत जायच्या आधी हंगामाला महाबळेश्वरला जात, एका साहेबाच्या बंगल्यावर, मुदपाकखान्यात. त्यामुळं लढाईला भरती झाले तेव्हा त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा झारा जास्त राहिला. ऑफिसरांच्या मेसचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. मिसरात होते, मग इटलीत. लढाई संपल्यावर ते परत आले, तेव्हा मी मोटारीच्या थांब्यावर त्यांना ओळखलं नाही. ट्रंक ओळखली.

खोकला तिथूनच घेऊन आले होते. सुरुवातीला आत्याबाईंनी अडुळसा दिला, हळद-दूध दिलं. दसऱ्यानंतर ताप उतरेना, तेव्हा मी त्यांच्याबरोबर मिरजेला गेले. रहिमतपूरला गाडीत बसलो ते संध्याकाळी पोचलो. दवाखान्यात त्यांना पडद्याआड नेऊन तपासलं, आणि एका नर्सबाईनं मला बाजूला घेतलं. चांगली बाई होती. मराठीतनं नीट समजावून सांगितलं. त्यांचं ताट, वाटी, तांब्या वेगळा ठेव. उकळत्या पाण्यातनं काढ. त्यांच्या उष्ट्यातलं खायचं नाही, काही झालं तरी नाही. अंडी, दूध, मटण जेवढं जाईल तेवढं घाल. मी विचारलं, बरे होतील ना? ती म्हणाली, खाल्लं तर बघू.

परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, काय म्हणाली बाई? मी म्हणाले, अंडी-दूध घाला म्हणाली. एवढंच सांगितलं.

घरीही एवढंच सांगितलं. आमच्या गावात अशा एका माणसाला मळ्यातल्या खोपीत ठेवलं होतं आणि भाकरी लांबून टाकायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. यांचं तसं होऊ नये म्हणून मी गप्प बसले, असं मी बरीच वर्षं धरून चालले. ते खरंही आहे. पण तेवढंच खरं नाही. नर्सबाईचं सांगणं घरात सांगितलं असतं तर त्यांचं ताट वेगळं झालं असतं आणि सगळं उघड झालं असतं. मी ते उघड न करता आपल्यापुरतं वेगळं करून घेतलं.

ते जेवून उठले की मी पितळी उचलून घरामागच्या परड्यात जायची. आत्याबाईंना वाटायचं, सून लाजाळू आहे, नवऱ्याच्या समोर बसून त्याचं उष्टं खायला लाजते. परड्यात एक कुत्रं असायचं, दारचंच. पितळीत जे असेल ते मी त्याला घालायची. मग राखेनं घासून चुलीवरचं कढत पाणी ओतायची आणि रिकामी पितळी घेऊन थोडा वेळ बसून राहायची, जेवायला लागतो तेवढा वेळ. माझी भाकरी मी आधीच स्वयंपाक करता करता उभ्यानं खाल्लेली असायची.

ते अजून माझ्यासाठी ठेवत होते. खाणं जात नव्हतं, तरी अंड्याचा बलक ठेवायचे. तोही मी कुत्र्यालाच घातला.

कुणी म्हणेल, बाईला लेकरं असतील, लेकरांसाठी जीव जपावा लागतो. मला लेकरू नव्हतं. पोटातही नव्हतं. मला नुसतं मरायचं नव्हतं.

थंडी पडली तशी त्यांची भाकरी बंद झाली. रश्श्याचा वास आला तरी तोंड फिरवायचे. आत्याबाई आडून आडून रडायच्या. एक दिवस दुपारी ते उन्हात बाजेवर पडले होते आणि आपणहून म्हणाले, मटण आणायचं. आत्याबाई एवढ्या हरखल्या की लगेच मसाला काढायला उठल्या. तर म्हणाले, मसाला नको, रस्साही नको.

"रस्सा न्हाई तर काय वाळवून घालायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांनी इटलीतली ती गोष्ट सांगितली. लढाईबद्दल त्यांनी आम्हांला सांगितलेली तीच एक. थंडीचे दिवस होते, मेसचा मुक्काम एका शेतकऱ्याच्या घरात पडला होता. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. पायाला चिखल, हाताला घट्टे, अगदी आपल्यासारखी माणसं. साहेब लोकांचं जेवण झाल्यावर उरलेलं मांस यांनी त्या म्हातारीला दिलं. तिनं मांडीचा अख्खा जाड काप तव्यावर भाजला, बटाटे कुस्करले, वाटाणे उकडले. मग दोघं मेजाला समोरासमोर बसली. ज्याचं ताट त्याच्यापुढं. जेवताना हळूहळू काही बोलत होती. भाषा यांना कळत नव्हती, पण हे चुलीपाशी बसून बघत राहिले. "तवाच ठरीवलं," ते म्हणाले, "घरी गेलो की असं एकदा जेवायचं." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. आत्याबाईंसमोर माझ्याकडे बघायची पद्धत नव्हती.

तिथं ते मांस कशाचं असायचं, ते आत्याबाईंनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आपण मेंढराचं करू, एवढं म्हणाले.

आता मांडीचा अख्खा काप मिळणं म्हणजे अवघड काम. आमच्याकडे तेव्हा मटणाचे वाटे घालत. एक मेंढरू कापलं की जितकी घरं तितके ढीग, आणि प्रत्येक ढिगात सगळ्यातलं थोडंथोडं. मांडीचं, बरगडीचं, काळजाचा तुकडा, चरबी, हाडूक. एखाद्यालाच नुसतं चांगलं देणं म्हणजे भांडणाला बोलावणं. ते स्वतः काठी टेकत खाटकाकडे गेले. काय बोलले ठाऊक नाही. रविवारी खाटीक पुढच्या दारानं न येता परड्यातनं आला, पोत्याच्या तुकड्यात मांडी गुंडाळून.

"आवं आत्या, कुनाजवळ बोलू नगा," तो म्हणाला. "न्हाईतर पुढल्या रव्वारी जो तो मांडीच मागंल, आन् मुंडी-पाय मला घरी न्यावं लागतील."

मटण आमच्या घरात आतल्या चुलीवर होत नसे, कारण देव तिथंच होते. परड्यात तीन दगड मांडून करायचं. त्यांनी बाज तिथं ओढायला लावली आणि उशाला वाकळ घेऊन बसले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात वेगळीच धार होती. मेसमध्ये असेच बोलत असतील. हाडापासून मांस कसं सोडवायचं, ते बोटानं हवेत दाखवलं. मांसाचे दोरे दिसतात त्यांच्या आडवं काप, उभं कापलंस तर चावत बसावं लागेल. दोन बोटं जाड ठेव. आता मुठीनं ठोक. अगं, माराय सांगितलंय, गोंजाराय न्हाई. मी हसले. आत्याबाईही हसल्या. त्या घरात कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

मांसाला फक्त मीठ आणि भरड कुटलेली मिरी. हळद नाही, चटणी नाही, लसूणही नाही. आत्याबाई तिखटाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, वेळ आली तर घालावं म्हणून. बटाटे उकडून वाटीच्या बुडानं कुस्करले, त्यात दूध आणि लोणी. "तान्ह्या पोराला करत्यात तसलं," आत्याबाई म्हणाल्या. शेतातल्या बांधावरचा हिरवा वाटाणा नुसता मिठात उकडला. गाजरं उभी चिरून लोण्यात परतली, वर गुळाचा खडा. ते म्हणाले, साहेब साखर घालतात, पण साखर रेशनची, गूळच घाल.

मग तवा. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापू दिला, लोणी सोडलं, आणि मी पहिला काप त्यावर टाकला. तो आवाज आणि तो वास मी आजवर विसरले नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. आवाजावरून कळतं म्हणाले. मी सारखी उलथनं घेऊन टोचत होते, तर म्हणाले, हात काढ, त्याला एकटं सोड. एकदाच उलट. उलटल्यावर मी बोटानं दाबून पाहिलं, तर तांबडं पाणी वर आलं. आम्ही मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजवणारी माणसं. मी म्हटलं, कच्चं आहे, आजारी माणसाला बाधेल. ते म्हणाले, अजून एकदा परतलंस तर चामडं होईल. उतरव, झाकून ठेव, जरा विसावा घेऊ दे.

"मेल्याला कसला इसावा?" आत्याबाई म्हणाल्या.

ते एवढं हसले की खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबली नाही. आत्याबाई पाठ चोळत होत्या. मी तव्यावर कांदा टाकला आणि तो परतत राहिले. कांदा लाल झाल्यावर चिमूटभर कणीक, वरून हाडांचं उकळलेलं पाणी. तव्याला चिकटलेलं सगळं खरवडून घे, म्हणाले, खरी चव त्यातच असते.

त्यांच्या ट्रंकेत दोन तामचिनीची ताटं होती, पांढरी, निळ्या काठाची. येताना घेऊन आले होते. ती त्यांनी काढायला लावली, आणि एक ताट कढत पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवायला सांगितलं. मला वाटलं, पलटणीतली शिस्त. तेच ताट माझ्याकडे सरकवायला सांगून म्हणाले, "तुझं तूच वाढून घे. मी हात लावत न्हाई." त्यातलं तेव्हा मला काही कळलं नाही.

बाज आत घेतली आणि माजघरात समोरासमोर दोन पाट मांडले. उजेड होता अजून, चिमणी लावायची गरज नव्हती. एका पाटावर ते बसले. दुसरा मोकळा होता.

मला खरी धास्ती त्या पाटाची होती. दिवसभर मी स्वयंपाकात गुंतून ती बाजूला ठेवली होती, कारण मला आत्याबाईंचा भरवसा होता. नवऱ्याच्या समोर बसून, त्याच्याबरोबर घास उचलायचा, आणि तेही सासूच्या देखत? त्या काही हे होऊ देणार नाहीत. त्या नाही म्हणतील, मी खाली मान घालून पाट उचलीन, आणि कुणावर काही येणार नाही. मी दारात उभी राहून त्यांची वाट बघत राहिले.

आत्याबाई आल्या. दोन पाट बघितले. मुलाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बस की. म्हनतोय तर बस. कोन बघतंय?" डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शेजारी जाऊन येते म्हणून निघाल्या. जाताना बाहेरून दार ओढून घेतलं.

म्हातारीनं आयुष्यभर पाळलेली रीत पोरासाठी अशी पदरासारखी झटकली. मला आधाराला काही राहिलं नाही.

मी म्हणाले, "तुमचं होऊ द्या आधी. मी मागनं बसते. रीत न्हाई ती."

"रीत," ते म्हणाले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "कुत्रं लय माजलंय आपलं. परड्यातनं हलत न्हाई."

मी दारातच उभी होते. ते पुढं म्हणाले,

"मिरजंला मी पडद्याआडच हुतो. सदऱ्याची बटनं लावत."

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला रडून मोकळं होता आलं असतं. त्यांनी पुढं सांगितलं, तेही ताटाकडेच बघून. तुझं वागणं चुकलं नाही, बाई म्हणाली तसंच तू केलंस. फक्त मला सांगितलं नाहीस. मी रोज ठेवत राहिलो, तू रोज टाकत राहिलीस, आणि दोघांनाही ठाऊक होतं. आता असं नको. आणि मग म्हणाले:

"तुझं ताट येगळं हाय. कढत पान्यातनं काढलंय. तुझ्या तुकड्याला माझं बोट लागल्यालं न्हाई. मधी एवढी जागा हाय. बस. एकदा माझ्या संगं जेव."

म्हणजे हे सगळं, खाटकाकडे काठी टेकत जाणं, मांडी, तवा, दोन ताटं, हे त्यांनी त्यासाठी केलं होतं. जेवणाची इच्छा त्यांना फारशी नव्हतीच. मला भीती न वाटता त्यांच्याबरोबर बसता येईल अशी एकच तऱ्हा त्यांना माहीत होती, ती त्यांनी दूरच्या मुलखातून आणली होती. मला घाबरण्यासारखं त्यांनी काही ठेवलं नव्हतं.

मी पाटावर बसायला वाकले. एक गुडघा टेकलाही होता. तेवढ्यात त्यांना उबळ आली. त्यांनी तोंड पुरतं भिंतीकडे फिरवलं, उपरणं तोंडावर धरलं, माझ्याकडे पाठ केली. जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं. उपरणं खाली आलं तेव्हा त्यावर मला दिसलं. मांस दाबल्यावर वर आलं होतं तसलंच, तांबडं.

मी उठले. "पानी आनते," म्हणाले.

पाण्याचा तांब्या त्यांच्या उजव्या हाताला भरून ठेवलेला होता. मीच ठेवला होता. तरी मी परड्यात गेले आणि त्या तीन दगडांपाशी बसले. निखारे अजून होते. मी आत जायचं ठरवत होते. तवा घासला. उलथनं घासलं. घासलेला तवा पुन्हा घासला. आतून हाक आली नाही. त्यांनी हाक मारली असती तर मी गेले असते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण त्यांनी ती मारली नाही, आणि ती मारणार नाहीत हे मला माहीत होतं.

आत गेले तेव्हा अंधारायला लागलं होतं. त्यांनी आपल्या तुकड्याच्या बारीक बारीक फोडी केल्या होत्या. एखाददुसरी खाल्ली असेल. बाकीच्या ओळीनं ताटाच्या काठाला लावून ठेवल्या होत्या. ते माझ्या ताटाकडे बघत बसले होते.

"गार झालं," म्हणाले. "खाऊन घे. वाया घालवू नगंस."

भिंतीला धरून उठले आणि बाजेवर जाऊन पडले. मी हात द्यायला पुढं झाले नाही.

माझं ताट मी परड्यात नेऊन खाल्लं. कामाच्या गडबडीत सकाळपासून पोटात काही नव्हतं. मांस गार झालं होतं, लोणी वर थिजलं होतं. तरी चव चांगली होती. मिरीचा झणका, मऊ बटाटा, गाजराचा गोडवा. मी सगळं संपवलं, बोटांना लागलेलं कांद्याचं पाणीही चाटलं. नवरा आत तसा पडलेला असताना मला ते जेवण आवडलं. मग त्यांच्या ताटातल्या फोडी मी कुत्र्यापुढं टाकल्या.

आत्याबाई परत आल्या त्या दारातूनच विचारत, "जेवलासा का दोघं?"

बाजेवरून आवाज आला, "जेवलो की आये. लय झ्याक झालं हुतं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं काम सोपं करून टाकलं. जेवण झालं की आपल्याच हातानं उरलेलं खिडकीतून परड्यात टाकायचे, पितळी पुसून लख्ख करायचे, आणि मग आत्याबाईंना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचे, "घे गं ताट. ठिवलंय तुला." मी रिकामी पितळी घेऊन परड्यात जायची आणि नेहमीसारखी बसून यायची. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, एवढा आजारी आहे पण बायकोचा वाटा विसरत नाही, आणि तीही कशी, त्याच्याच ताटात जेवते बघा. ते बाजेवर पडून ऐकायचे. त्यांनी एका शब्दानं ते खोडलं नाही. माझी जी गोष्ट गावात सांगतात ती अशी तयार झाली.

पुढं मी शिकले, सांगलीत शाळेवर लागले. शाळेत एकदा आरोग्यावर बोलायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना मी वर्ग सुटल्यावर गाठलं आणि क्षय ताटातून येतो का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, सांभाळलेलं बरं, पण तो येतो मुख्यतः खोकल्यातून, हवेतून. एका खोलीत राहणाऱ्याला धोका जास्त. मी पूर्ण हिवाळा त्यांच्याच खोलीत, दार लावून, निजत होते. थंडी लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावायची तेही मीच. मला काही झालं नाही. ते का झालं नाही, याला कारण नाही. माझ्या त्या सांभाळण्यानं तर नक्की नाही.

त्या हिवाळ्यानंतरच्या चैत्रात ते अगदी उतरले. आत्याबाई नवस बोलायला शिखर शिंगणापूरला गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. मी त्यांच्यासाठी भाताची पेज केली, स्वतःसाठी भाकरी आणि पिठलं. काय झालं कोण जाणे, मी ती पांढरी ताटं काढली. एकात त्यांची पेज ओतली, एकात माझं वाढून घेतलं, आणि पाट ओढून बाजेसमोर बसले. अगदी जवळ बसले. म्हणाले, मी तुमच्याबरोबर जेवते.

त्यांनी मान वळवून ताटाकडे पाहिलं. पेज त्यांना उतरत नव्हती. पाण्याचा घोटसुद्धा कापसानं द्यावा लागत होता, हे मला माहीत होतं. तरी मी ताट समोर धरलं. त्यांनी ते हातानं बाजूला केलं, हलकेच. मी एक घास खाल्ला. ते बघत होते. दुसरा घास घेतला. त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली, खोकला वर यायच्या आधी व्हायची तशी. ते काहीतरी म्हणाले. ऐकू यावं म्हणून मी कान त्यांच्या तोंडाजवळ न्यायला हवा होता. मी नेला नाही. त्यांना पुन्हा बोलावं लागलं.

"जरा मागं सरून बस," ते म्हणाले.

मी सरले.